आंदोलनाचा मेसेज आला, पुढे पाठवायचा का?

'उद्या सकाळी फूलबागेत जमायचं' असा मेसेज मुलाच्या फोनवर आला आणि त्यानं तो मित्रांना पाठवला, तर गुन्हा होतो का? कॉलनीच्या गटाची अ‍ॅडमिन मी आहे. कुणी काहीबाही टाकलं तर पोलीस मला बोलावतील का? कलेक्टरांनी कलम लावलंय म्हणतात, मग आता फेसबुकवर काहीच लिहायचं नाही का?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, लश्करमधल्या जुन्या वस्तीतून तसे मुरार आणि सिटी सेंटरमधूनही. घरात याची दोन उत्तरं तयार असतात. तरुण म्हणतात, सगळेच पाठवतात, काही होत नाही. आईवडील म्हणतात, कशातच पडू नकोस. पहिल्या उत्तरामुळे मुलं अडकतात. दुसऱ्यामुळे ती घरी सांगणं बंद करतात आणि मग अडकली तरी आपल्याला सर्वांत शेवटी कळतं.

तुमचं राजकीय मत काय असावं, याच्याशी या लेखाला कर्तव्य नाही. मत असणं, ते बोलणं आणि त्यासाठी शांततेनं रस्त्यावर येणं हा तुमचा हक्क आहे. इथे एकाच सवयीचा आग्रह धरला आहे: कुठलाही मेसेज कुठल्या ना कुठल्या कागदाबद्दल बोलत असतो, निकाल, आदेश, यादी, योजना. तो मूळ कागद आधी वाचा. बातमी तपासताना तो उपयोगी पडतो आणि पोलिसांसमोर उभं राहावं लागलं, तर तिथेही तोच कामी येतो.

ग्वाल्हेरचा अनुभव काय सांगतो

२० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याबाबत निकाल दिला. प्रकरण मुळात महाराष्ट्रातलं, कराडच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातलं. तक्रार होताच अटक नको, आधी प्राथमिक चौकशी आणि वरिष्ठांची मंजुरी, शिवाय अटकपूर्व जामिनाला पूर्ण बंदी नाही, असा त्याचा गाभा होता. त्याविरुद्ध २ एप्रिलच्या भारत बंदची हाक मुख्यतः फोनवरून फिरली. कायद्याची धार गेली हा लोकांचा राग खरा होता आणि त्याला आधारही होता. पण सोबत 'कायदाच रद्द झाला', 'आता आरक्षण जाणार' असेही मेसेज फिरत होते, आणि निकालात तसं काही नव्हतं.

त्या दिवशी ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैनात हिंसाचार झाला, माणसं मेली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. ग्वाल्हेरमध्ये पिस्तुलानं गोळ्या झाडणाऱ्या एका माणसाचा व्हिडिओ देशभर फिरला. आधी तो आंदोलक म्हणून दाखवला गेला. स्थानिक लोकांनी त्याला ओळखल्यावर तो आंदोलकांच्या विरुद्ध बाजूचा असल्याचं समोर आलं. तोवर व्हिडिओ ज्याला जसा हवा तसा वापरून झाला होता. लगेच १० एप्रिलला उलट बाजूच्या बंदची हाक फिरली. ती नेमकी कुणी दिली, हे पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना सांगता आलं नसतं.

मूळ प्रश्न मात्र कागदावरच सुटला. संसदेनं ऑगस्ट २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आपले आधीचे निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्ती वैध ठरवली. आंदोलनाचा परिणाम झाला, हे मान्य करायलाच हवं. पण अनेक तरुणांवरचे खटले त्यानंतरही चालू राहिले.

मेसेज आला की आधी हे करा

१. मेसेज कुठल्या कागदाबद्दल आहे ते शोधा. निकाल असेल तर न्यायालयाच्या संकेतस्थळावर, भरतीची यादी असेल तर मध्य प्रदेश कर्मचारी चयन मंडळाच्या, जिल्ह्याचा आदेश असेल तर ग्वाल्हेर जिल्हा प्रशासनाच्या किंवा जनसंपर्क विभागाच्या पानावर तो असतो. निकाल शंभर पानी असला तरी शेवटची दोन-तीन पानं वाचा. निर्देश बहुधा तिथे असतात. कागदाचा उल्लेखच नसेल, नुसतं 'सरकारनं ठरवलंय' असं असेल, तर तो मेसेज तिथेच थांबवा.

२. व्हिडिओ कुठला आणि कधीचा ते पाहा. गाड्यांच्या नंबरप्लेट पाहा: ग्वाल्हेरची गाडी एमपी ०७, मुरैनाची एमपी ०६, भिंडची एमपी ३०. दुकानांच्या पाट्यांची लिपी, पोलिसांच्या गणवेशावरचं चिन्ह, माणसांची बोली, लोकांनी स्वेटर घातलेत की उन्हासाठी तोंडाला गमछा बांधलाय, हेही पाहा. मे महिन्यातल्या ग्वाल्हेरचा म्हणून आलेल्या व्हिडिओत शाली दिसल्या, तर आणखी काही तपासायची गरज नाही. शंका राहिली तर एक चित्र थांबवून गुगल लेन्सवर टाका. जुना व्हिडिओ असेल तर बहुधा सापडतो.

३. दुहेरी बाण पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असेल, तर तो मेसेज किमान पाच हातांतून आला आहे. म्हणजे ज्यानं पाठवला त्यालाही मूळ माहीत नाही.

४. वर्तमानपत्राचं कात्रण आलं तर त्या दिवसाचा ई-पेपर उघडा. खोटी कात्रणं बनवायला मिनिटं लागतात. कात्रणावर तारीख आणि आवृत्ती नसेल तर ते पुरावा नाही.

५. नेत्याची ध्वनिफीत आली तर अधिक थांबा. आता कुणाचाही आवाज बनवता येतो. ते वाक्य कुठल्या सभेत, कधी म्हटलं गेलं आणि तिथे हजर असलेल्या वार्ताहरानं ते छापलं का, एवढं बघा.

६. केंद्र सरकारच्या योजनेबद्दल असेल तर पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाला ८७९९७११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर विचारता येतं. पण तो सरकारचाच विभाग आहे हे ध्यानात ठेवा. सरकारनं आपल्याविषयीच्या मजकुराला खोटं ठरवून समाजमाध्यमांना बांधून ठेवावं, ही नियमातली तरतूद मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. या विभागाचं उत्तर घ्या, पण एखाद्या स्वतंत्र तपासणाऱ्याचंही पाहा.

एवढं करायला वेळ नाही, असं मुलं म्हणतात. ज्या मेसेजसाठी दहा मिनिटं नाहीत, त्यासाठी आपलं नाव पणाला लावू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात फोनवरच्या अफवांमुळे मुलं पळवणारी टोळी समजून पाच भटक्या नाथपंथी डवरी गोसावींना जमावानं ठेचून मारलं. त्या काळात देशभर फिरणारा मूल पळवण्याचा एक व्हिडिओ तर कराचीत बनलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तोडलेला तुकडा होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्डवर मर्यादा आणली.

दोन प्रांतांच्या बातम्या, एकच फोन

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबाची ही अडचण पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा जाणवत नाही. आपण इथल्या बातम्या हिंदीतून वाचतो आणि महाराष्ट्रातल्या बातम्या नातेवाइकांच्या गटांतून आपल्याकडे येतात. त्या येताना संदर्भ गाळून येतात आणि इथे उलट अर्थानं पसरतात.

२०२५ चा भाषेचा वाद आठवा. महाराष्ट्र शासनानं १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करणारा निर्णय काढला, १७ जूनला त्यात बदल केला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द केले. वाद शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलांवर किती भाषा लादाव्यात याचा होता. पण ग्वाल्हेरच्या फोनवर पोहोचल्या त्या मराठी न बोलल्यावरून मीरा रोडला झालेल्या मारहाणीच्या क्लिप, आणि त्याखाली मराठी माणसाबद्दल सरसकट शिव्या; दुसऱ्या गटात हिंदी भाषकांबद्दल तशाच. आपली मुलं दोन्ही गटांत असतात. शाळेतला, कोचिंगमधला मित्र हिंदी बोलतो आणि घरात मराठी. अशा वेळी:

- मारहाणीची क्लिप पुढे पाठवू नका, तुम्ही कुठल्याही बाजूचे असलात तरी. निषेध करायचा असेल तर स्वतःच्या शब्दांत लिहा.
- शासन निर्णयाची तारीख आणि मजकूर सांगा. 'तो निर्णय तर मागे घेतलाय' या एका वाक्यानं गटातली अर्धी भांडणं थांबतात.
- महाराष्ट्रातल्या काका-मावशीला विचारा, पण तेही बहुधा आपल्या भागाबाहेरचं पाहिलेलं नसून वाचलेलंच सांगत असतात, हे धरून चाला.

बातमी शेवटापर्यंत न्या

मध्य प्रदेशच्या पटवारी भरतीचा निकाल ३० जून २०२३ रोजी लागला. पहिल्या दहांपैकी सात जण ग्वाल्हेरच्या एकाच परीक्षा केंद्रातले, हे गुणवत्ता यादी वाचणाऱ्या उमेदवारांनीच शोधलं आणि फोनवरून राज्यभर पोहोचवलं. इंदूर-भोपाळात मुलं रस्त्यावर आली. १३ जुलैला मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी नियुक्त्या थांबवल्या. निवृत्त न्यायमूर्ती राजेंद्रकुमार वर्मा यांच्याकडे चौकशी गेली. कागद वाचून केलेल्या डिजिटल आंदोलनाचं याहून चांगलं उदाहरण या शहराजवळ नाही. व्यापम परीक्षा घोटाळ्याच्या जखमा ज्या शहरात आहेत, तिथल्या मुलांनी शंका घेणं साहजिक होतं.

पण पुढे काय झालं? २०२४ च्या सुरुवातीला चौकशीतून भरतीला निर्दोष ठरवण्यात आलं आणि नियुक्त्या सुरू झाल्या. हा शेवट तुमच्या मुलाच्या किती गटांत आला? त्या निष्कर्षावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, चौकशीचा पूर्ण अहवाल मागा, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. पण तो माहीत तरी हवा. ज्यांची नावं त्या यादीत होती आणि ज्यांच्या मुलाखतींच्या क्लिप चेष्टेनं फिरवल्या गेल्या, तीही कुणाची तरी मुलं होती.

मुलांना एक साधी सवय लावता येते: ज्या बातमीवर आपण पोस्ट टाकली, तिची नोंद ठेवायची आणि महिन्याभरानं तिचं काय झालं ते पाहून त्याच गटात टाकायचं.

सूचक गोष्ट आणि कागद यांतला फरकही याच शहरानं पाहिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्योतिरादित्य शिंदे यांनी ट्विटरवरच्या ओळखीतून काँग्रेसचा उल्लेख काढल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि दिवसभर त्यांनी पक्ष सोडल्याच्याच बातम्या फिरल्या. ओळख लहान करा असा सल्ला मिळाला म्हणून महिन्याभरापूर्वीच बदल केला, असं त्यांनी सांगितलं. राजीनाम्याचं पत्र आलं ते मार्च २०२० मध्ये, सहीसह. नोव्हेंबरमधली कुजबुज पुढे खरी ठरली, तरी त्या दिवशी ती बातमी नव्हती.

कलेक्टरांनी 'कलम लावलं' म्हणजे काय

पूर्वीचं कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. १ जुलै २०२४ पासून. पुण्या-मुंबईत असे आदेश पोलीस आयुक्त काढतात. ग्वाल्हेरमध्ये ते जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर काढतात. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाच्या आवारात डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसवण्यावरून वकिलांत दोन तट पडले, ऑक्टोबरमध्ये शहरात तणाव वाढला आणि निर्बंधांच्या बातम्या घराघरांत पोहोचल्या, तेव्हा सर्वाधिक गोंधळ याच कलमाचा होता.

- प्रत्येक आदेश वेगळा असतो. काहींत फक्त विनापरवाना मोर्चाला बंदी असते, काहींत शस्त्रं बाळगण्याला, काहींत भडकाऊ मजकूर टाकणं, पुढे पाठवणं, अगदी त्यावर प्रतिक्रिया देणं यालाही. म्हणून आदेशाची प्रत वाचा. 'कलम लागलंय' एवढ्यावर थांबू नका.
- आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. राज्य सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. तारीख बघा.
- आदेशानं सरकारवर टीका करण्याला बंदी होत नाही. तुमच्या भागातल्या रस्त्याबद्दल, भरतीबद्दल, मंत्र्याच्या वक्तव्याबद्दल संयमानं लिहायला हरकत नाही.
- आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जीविताला धोका झाला तर एक वर्ष आणि ५,००० रुपयांपर्यंत.
- आदेश अवाजवी वाटला तर तो बदलावा म्हणून त्याच दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, उच्च न्यायालयातही जाता येतं.

कशानं खरोखर गुन्हा होतो

चार गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे.

जात, धर्म, भाषा, प्रांत यांच्या आधारे गटांत शत्रुत्व वाढवणं हे न्याय संहितेचं कलम १९६, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. खोटी माहिती किंवा अफवा पसरवून लोकांना भडकवणं हे कलम ३५३, त्यालाही तीन वर्षं. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं हे कलम २९९. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातिवाचक अपमान हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येतो, तिथे अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. 'गटात चेष्टेनं म्हटलं' हा बचाव टिकेल असं समजू नका, आणि मुळात तसं बोलूच नये.

कलम ३५३ मध्ये एक अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. मजकूर खरा आहे असं मानायला तुमच्याकडे वाजवी कारण होतं, तुम्ही तो प्रामाणिकपणे, भडकवण्याचा हेतू नसताना पाठवला, तर त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. म्हणून मेसेज तपासताना जे पाहिलं त्याचा स्क्रीनशॉट, दुवा, तारीख ठेवून द्या. वर सांगितलेल्या दहा मिनिटांचं मोल इथे कळतं.

एक जुनं कलम मात्र मेलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. कुणी आजही ६६-अ ची भीती घातली, तर हा निकाल दाखवा. शिवाय खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात २८ मार्च २०२५ रोजी याच न्यायालयानं सांगितलं की, बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या, तीन ते सात वर्षं शिक्षेच्या आरोपांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेनं जोखावा.

तुम्ही अ‍ॅडमिन असाल तर

सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. दोघांचा सामायिक हेतू असावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं, केरळ उच्च न्यायालयानंही पुढच्या वर्षी तेच म्हटलं. पण कलेक्टरांच्या आदेशांत अ‍ॅडमिनवर जबाबदारी टाकलेली असू शकते, आणि न्यायालयात निर्दोष सुटण्यापूर्वी ठाण्यात खेटे घालावे लागतात. म्हणून:

- तणावाच्या दिवसांत 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सोय चालू करा.
- वाईट मजकूर 'सर्वांसाठी' काढून टाका. अ‍ॅडमिनला ते करता येतं. त्याआधी एक स्क्रीनशॉट घ्या.
- 'हा मजकूर काढला आहे, असं पुन्हा टाकू नये' एवढं लिहा. तुमचा हेतू काय होता याची ती नोंद आहे.
- ज्या गटाचं काम संपलं, तो बंद करा. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी केलेला गट पुढे वर्षभर राजकारणाचा अड्डा होतो, आणि अ‍ॅडमिन म्हणून तुमचं नाव तसंच राहतं.

आणखी एक. मुलाचं सिम वडिलांच्या नावावर असतं. नोटीस आधी वडिलांच्या पत्त्यावर येते. वडील शासकीय सेवेत असतील तर आचरण नियमही लागू होतात. अठरा पूर्ण झालेल्या मुलाचं सिम त्याच्या नावावर करून द्या आणि का, तेही समजावून सांगा.

ठाण्यातून बोलावणं आलं तर

सर्वप्रथम, व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस 'तुमच्या पोस्टवर गुन्हा आहे, पैसे भरा' म्हणाला तर तो ठग आहे. 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० वर कळवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे.

खरी नोटीस आली तर टाळू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात थेट अटक हा नियम नाही. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही, करायची तर कारणं लिहावी लागतात. नोटिशीची प्रत घ्या, वकील सोबत न्या. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर स्त्रिया, पंधराखालची मुलं आणि साठीपुढची माणसं यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं.

- अटक झाली तर: कारण लेखी मागा. घरच्यांना कळवणं पोलिसांचं कर्तव्य आहे. पसंतीचा वकील आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं हे संविधानाच्या कलम २२ नं दिलेले हक्क आहेत. अपवाद सोडता स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक होत नाही.
- मुलगा अठराच्या आत असेल तर: त्याला कोठडीत ठेवता येत नाही. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला बोलवा म्हणा. प्रकरण किशोर न्याय मंडळापुढे जातं.
- फोन मागितला तर: कुठल्या गुन्ह्यात, हे नम्रपणे विचारा. जप्त केला तर जप्ती पत्रक घ्या, त्यात फोनचा आयएमईआय क्रमांक लिहिलेला हवा. पासवर्ड द्यावाच लागतो का, याबद्दल न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. वकिलाशी बोलल्यानंतरच ठरवा. घाबरून चॅट पुसू नका, पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ पोस्टपेक्षा जड पडू शकतो.
- 'बाउंड ओवर' केलं तर: हा शब्द इथे सर्रास ऐकू येतो. शांतता राखण्याचा बाँड लिहून देणं म्हणजे शिक्षा नव्हे. पण मुदत, रक्कम आणि मजकूर वाचल्याशिवाय सही करू नका. पुढे चारित्र्य पडताळणीत त्याबद्दल विचारणा होऊ शकते.
- वकील परवडत नसेल तर: १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

टीआय, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, ओरडून बोलले तरी तुम्ही आवाज चढवू नका. तिथे नोंद महत्त्वाची असते: कोण, कधी, काय म्हणालं, ते बाहेर आल्याबरोबर लिहून काढा.

मोर्चाला जायचंच असेल तर

१४ जून २०२२ रोजी सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. दोनच दिवसांत, १६ जूनला, गोला का मंदिर भागात सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं जमली आणि बिर्लानगर स्थानकाची तोडफोड झाली. त्याच दिवशी केंद्रानं त्या वर्षापुरती वयोमर्यादा २३ केली. आणि तीनच दिवसांनी सैन्यानं जाहीर केलं: जाळपोळीत, तोडफोडीत भाग घेतला नाही असं लिहून द्यावं लागेल, पोलीस पडताळणीशिवाय प्रवेश नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं पहाटे धावून तयारी केली होती, त्यांची पडताळणी आता दुसऱ्यांनी काढलेल्या व्हिडिओंवर अवलंबून होती. त्या मुलांचा संताप मला आजही समजतो. म्हणूनच हे नीट वाचा:

- आयोजक कोण, परवानगी कुणी घेतली, हे विचारा. नाव नसलेल्या हाकेवर जाऊ नका. एसडीएमकडून घेतलेल्या परवानगीची प्रत आयोजकांकडे असतेच.
- दगड उचलला गेला की तिथून निघा, व्हिडिओ काढायला थांबू नका. गर्दीतला प्रत्येक चेहरा कुणाच्या तरी फोनमध्ये जातो.
- शांत मोर्चाचा फोटो टाकताना इतरांचे चेहरे, विशेषतः मुलींचे, दिसणार नाहीत असं पाहा.
- कलेक्टोरेटवर ज्ञापन, म्हणजे निवेदन, देऊन पोच घेणं, माहितीचा अर्ज टाकणं हे मार्ग संथ वाटतात, पण पुढे कोर्टात त्यांचीच तारीख उपयोगी पडते.
- तुमचा फोटो कुणी बदलून किंवा खोट्या मजकुरासह टाकला तर त्या माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. उत्तरानं समाधान झालं नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

इंटरनेट बंद झालं तर

एप्रिल २०१८ मध्ये ते झालं, पुन्हाही होऊ शकतं. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आहे की, बंदीचा आदेश प्रसिद्ध व्हायला हवा, तो तात्पुरता आणि गरजेपुरताच असावा. २०२४ च्या नियमांनुसार एक आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. प्रसिद्ध आदेश हाती असला की त्याला ग्वाल्हेर खंडपीठात आव्हान देता येतं.

तोवर घरात कागदावर हे लिहून ठेवा: ११२, १५१००, ओळखीच्या वकिलाचा क्रमांक, शेजारच्या दोन घरांचे आणि वसतिगृहातल्या मुलाच्या खोलीतल्या मित्राचा क्रमांक. साधे कॉल आणि एसएमएस बहुतेक वेळा चालू राहतात. थोडी रोकड जवळ असू द्या, यूपीआय चालणार नाही. कोचिंगची परीक्षा किंवा भरतीचा फॉर्म त्या दिवसांत भरायचा राहिला, तर बंदीच्या आदेशाची प्रत जोडून मुदतवाढीचा अर्ज लगेच, शक्य तर त्याच आठवड्यात, स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या.